दुसरा होकार

‘पोचलं’ या शब्दावर ज्यांचा तिळमात्र विश्वास नाही असे गृहस्थ अवघ्या नवी मुंबईत एकच असावेत, आणि ते माझे साडू आहेत. विधान मोठे आहे, हे मला मान्य आहे. वाशीच्या एका शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवल्यामुळे पुराव्याशिवाय विधान करणे माझ्या हातून सहसा होत नाही. परंतु साडूंच्या बाबतीत पुराव्यांची वाण नाही, त्यांतून निवड कशी करावी एवढीच अडचण आहे. सोसायटीच्या वॉचमनने ‘पाणी सोडलं’ असे सांगितले की बाकीचे रहिवासी बादल्या लावतात. साडू आधी सातव्या मजल्यावरच्या आपल्या नळाखाली तळहात धरून उभे राहतात. कुरिअरवाल्याने ‘मिळाल्याची सही करा’ म्हटले की ते पाकीट फोडतात, आतला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मग सही करतात. तोवर कुरिअरवाला चौकटीला टेकून दोन फोन उरकून घेतो. आमच्याकडून निघताना ‘घरी गेल्यावर कळवा’ म्हटले, तर ते नेरुळला जाऊन नुसते ‘पोचलो’ असे कळवत नाहीत, आपल्या दारावरच्या पाटीचा फोटो पाठवतात. त्या फोटोंचा माझ्याजवळ चांगला संग्रह झाला आहे. त्यांनी पाटीला नवा रंग दिला, ही बातमीही मला त्यातूनच समजली.

माझ्या मुलीच्या लग्नात आमंत्रणांचे काम त्यांनी आपणहून मागून घेतले. पत्रिका मोबाइलवर पाठवायच्या होत्या, तेव्हा ते काम तासाभराचे आहे असा माझा अंदाज होता. साडूंना चार दिवस लागले. पत्रिका पाठवल्यावर समोर दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे समोरच्याने ती पाहिली, असे सारे जग मानते. साडू मानत नाहीत. “पाहिली म्हणजे उघडली सर. उघडली म्हणजे वाचली नाही. आणि वाचली तरी लक्षात राहिली का, ते वेगळंच,” असे म्हणून ते प्रत्येकाला फोन करीत आणि मुहूर्त, तारीख व हॉलचा पत्ता त्याच्या तोंडून वदवून घेत. माझ्या पत्नीच्या साताऱ्याच्या मावशी या प्रकाराने चांगल्याच तापल्या. “जावईबापू, ह्या वयात माझी परीक्षा घेताय व्हय?” असे त्यांनी फोनवर सुनावले. साडू शांतपणे म्हणाले, “तसं नाही मावशी, फक्त तारीख सांगा.” मग मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, “तारीख ऱ्हाऊ द्या. लगीन कुणाचं हाय, ते आधी सांगा.” त्या दिवसापासून मी साडूंच्या पद्धतीला हसणे कमी केले. बंद मात्र केले नाही.

एवढ्यावरून ते संशयी स्वभावाचे आहेत असा वाचकांचा ग्रह होईल, तर तो येथेच दूर केलेला बरा. माणूस म्हणून ते अतिशय भाबडे आहेत. फळवाल्याने ‘मध आहे मध’ म्हणून दिलेले कलिंगड ते निमूटपणे घरी आणतात आणि फिके निघाले तर ‘त्यालाही वाटलं असेल गोड’ असे म्हणून खातात. त्यांचा अविश्वास माणसांवर नाही, निरोपांवर आहे. आणि तो त्यांना त्यांच्या नोकरीने शिकवला आहे. महापे येथील एका कंपनीत ते वीस वर्षांहून अधिक काळ आहेत. लोकांच्या फाइली संगणकात सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था ती कंपनी पुरवते. त्या व्यवस्थेत डिस्कने लिहून घ्यायला नकार दिला तर पुढे काय करायचे, एवढाच विषय साडूंकडे आहे. इतक्या लहान विषयावर माणूस वीस वर्षे कसा काढतो, असे मी त्यांना पूर्वी एकदा विचारले होते. उत्तरादाखल त्यांनी मला रविवारची अख्खी सकाळ समजावून सांगितले. ते मी येथे थोडक्यात देतो, कारण ते समजल्यावाचून साडू समजणार नाहीत.

आपण एखादी फाइल ‘सेव्ह’ करतो तेव्हा ती डिस्कवर लिहिली गेली, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात डिस्क मंद असल्यामुळे संगणक ती फाइल आधी आपल्या मेमरीत ठेवून घेतो, आपल्याला ‘झालं’ म्हणून कळवतो आणि डिस्कवर उतरवण्याचे काम मागाहून करतो. बहुतेक वेळा ते नीट पार पडते. पण कधी डिस्कवरची जागाच खराब निघते, कधी केबल सैल झालेली असते, कधी डिस्क थकलेली असते, आणि लिहिणे फसते. आता हे सांगायचे कुणाला? ज्या प्रोग्रॅमने फाइल दिली होती तो तर ‘झालं’ ऐकून आपल्या वाटेला लागला. अशा वेळी ती वार्ता भलत्यालाच मिळण्याचा संभव असतो. हे मला पटेना, तेव्हा साडूंनी माझ्याच डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग आठवून दिला. वाशीच्या एका उडपी हॉटेलात आम्ही दोघे बसलो होतो. वेटरने काही न लिहिता मान डोलावून दोन मसाला डोशांची ऑर्डर घेतली आणि तो दुसऱ्या कामाला गेला. दहा मिनिटांनी आतून दुसराच वेटर आला आणि आमच्या मागच्या टेबलापाशी थांबून म्हणाला, “मसाला खतम.” त्या टेबलावरच्या गृहस्थांनी इडली मागवली होती. त्यांनी “बरं” म्हटले. वेटरच्या दृष्टीने निरोप पोचता झाला. आम्ही अर्धा तास बसून राहिलो. “त्याचं काही चुकलं नाही सर,” साडू पाण्याचा पेला पुढे ओढत म्हणाले होते, “त्याने नकार दिला. ज्याची ऑर्डर होती त्याला दिला नाही, एवढंच.”

यावर तोड अशी की, प्रोग्रॅमने पुढे जाण्यापूर्वी थांबून विचारायचे: ‘माझे सगळे खरोखर डिस्कवर पोचले का?’ पोचले नसेल तर ‘नाही’ असे उत्तर येते. इथपर्यंत कोणताही सातवीचा विद्यार्थी समजू शकेल. खरी मेख याच्या पुढे आहे. पुष्कळ संगणकांमध्ये हे ‘नाही’ एकदाच सांगितले जाते. सांगून झाले की संगणक त्या मजकुरावरची ‘लिहायचे बाकी आहे’ ही खूण काढून टाकतो. तुम्ही तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारलात, तर बाकी असे काहीच उरलेले नसल्यामुळे उत्तर येते, ‘हो, सगळे पोचले.’

“म्हणजे चक्क खोटं बोलतो,” मी म्हणालो.

“खोटं नाही सर. त्याने तुम्हाला एकदा सांगितलं. तुम्ही परत विचारलंत, म्हणजे मघापासून काही नवीन बिघडलंय का, असं विचारलंत. नवीन काही बिघडलेलं नाही. म्हणून तो हो म्हणतो.”

“मग करायचं काय?”

“परत विचारायचं नाही. आपल्याजवळची मूळ प्रत काढायची, दुसऱ्या धड जागी पहिल्यापासून लिहायची, तिथे पोचली याची खात्री करायची आणि मगच जुनं पुसायचं. तेही जमत नसेल तर काम थांबवायचं आणि मालकाला तोंडावर सांगायचं, की बाबा रे, तुझी फाइल माझ्याकडे नाही.”

साडूंच्या वडिलांनी सारा जन्म वाशीच्या बाजारात हमाली केली. मूळचे ते कोरेगावकडचे. मुलाच्या नोकरीतले हे सगळे त्यांनी एकदा ऐकून घेतले आणि म्हणाले, “ह्यात नवीन काय हाय? गोणी गाडीतनं उतरली म्हंजी गाळ्यात पोचली, असं आमीबी कदी धरत नव्हतो.” साडूंना या वाक्याचा इतका आनंद झाला की, ते त्यांनी इंग्रजीत करून ऑफिसातल्या आपल्या टेबलावर चिकटवले.

पहिले उत्तर खरे धरायचे आणि पुन्हा विचारायचे नाही, हा नियम साडूंनी घरातही चालवला, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ माझ्या मेहुणीला झाला. सर्वसाधारण घरांत नवरा विचारतो, ‘काय झालं?’ बायको काय झाले ते सांगते. नवऱ्याचे लक्ष नसते. तो पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो, ‘काय झालं?’ आणि बायको म्हणते, ‘काही नाही.’ नवरा समाधानाने पेपर उघडतो. हा अनुभव मी स्वतःच्या घरात असंख्य वेळा घेतला आहे. साडू पहिल्याच वेळी हातातले काम ठेवून ऐकतात. माझी पत्नी कधी कधी माझ्याकडे पाहत म्हणते, “ताईला बघ, नवरा कॉम्प्युटरवाला मिळाला तरी माणसासारखा ऐकतो.” पत्नीची ही धाकटी बहीण असूनही घरात सारे तिला ताई म्हणतात, आणि मास्तर नवऱ्याने ऐकावे अशी अपेक्षा आमच्या घरात कुणी ठेवत नाही, हे दोन्ही मुद्दे मी अशा वेळी वगळतो.

साडूंच्या ऑफिसात एक खोटी डिस्क आहे. म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तू नव्हे. डिस्क असल्याचे सोंग करणारा तो एक प्रोग्रॅम आहे आणि तो साडूंनी अलीकडेच लिहिला. खऱ्या डिस्का वेळेवर बिघडत नाहीत, अशी त्यांची जुनी तक्रार होती. तपासणीच्या दिवशी त्या इन्स्पेक्शनला बसलेल्या वर्गासारख्या शहाण्या वागतात. खोट्या डिस्कला मात्र ‘सत्तावन्नाव्या वेळी नाही म्हण’ असे सांगितले की ती बरोबर सत्तावन्नाव्या वेळी नाही म्हणते. तिच्याविषयी ते इतक्या कौतुकाने बोलत की, हट्टी पण हुशार भाचीविषयी बोलत आहेत असे ऐकणाऱ्याला वाटावे. “आज तिने तीन जणांना रडवलं,” असे ते समाधानाने सांगत. हे तिघे म्हणजे त्यांचे सहकारी असत आणि त्यांच्या कामातल्या चुका त्या डिस्कने उघड्या पाडलेल्या असत.

मग एका सोमवारी तिने साडूंना गाठले.

घडले ते असे. कंपनीच्या व्यवस्थेची नवी आवृत्ती निघायची होती, आणि साडूंना ‘प्रिन्सिपल इंजिनिअर’ हे पद मिळणार हे जवळजवळ ठरले होते. मला पस्तीस वर्षांत ‘प्रिन्सिपल’ हा शब्द नावामागे लावता आला नाही, तो एका साडूला तरी लागतो आहे, याचा मला मनापासून आनंद होता. मेहुणीने साताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळवून टाकले होते. नवी आवृत्ती निघण्यापूर्वी सगळा जुना भाग खोट्या डिस्कवर चालवून पाहावा, असे साडूंनी ठरवले. आणि त्या जुन्या भागात, कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः लिहिलेल्या चार ओळी होत्या. त्या ओळी सांगत: डिस्कवर पोचले का, असे विचार, ‘नाही’ आले तर क्षणभर थांब आणि पुन्हा विचार, असे तीन वेळा कर, एकदा जरी ‘हो’ आले तर पुढे जा.

म्हणजे जे करू नये असे ते वर्षानुवर्षे सर्वांना शिकवत आले होते, ते नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी स्वतःच करून ठेवले होते. तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते. त्या चार ओळी घातल्यावर गिऱ्हाइकांच्या तक्रारी एकदम थांबल्या होत्या, आणि कंपनीने सर्वांसमोर टाळ्या वाजवून त्यांचा सत्कार केला होता. तक्रारी थांबल्या, कारण नकार ऐकूच येईनासा झाला होता. दुसऱ्या होकारावर विसंबून व्यवस्था गिऱ्हाइकाला सांगत राहिली, ‘फाइल पोचली, तुमची प्रत पुसलीत तरी चालेल.’ लगेच उघडून पाहणाऱ्यालाही फाइल धड दिसे, कारण संगणक ती मेमरीतूनच काढून दाखवत असे. काही काळाने मेमरीतली प्रत निघून जाई, आणि डिस्कवर त्या जागी काहीच नसे.

त्या रविवारी दोघेही आमच्याकडे आले. पोहे खाऊन झाले होते. साडूंनी वरची सगळी हकीकत सांगितली आणि आपण मॅडमना, म्हणजे त्यांच्या वरिष्ठांना, सांगायला गेलो होतो तेही सांगितले. मॅडमनी सगळे नीट ऐकून घेतले होते. मग त्या म्हणाल्या होत्या, “ओके. त्या चार ओळी काढा, नीट करा, नव्या आवृत्तीच्या रिलीज नोटमध्ये लिहा, किरकोळ सुधारणा. विषय संपला. आत्ता हे गिऱ्हाइकांना सांगितलं तर प्रमोशनच्या कमिटीसमोर तुमचं नाव मी कुठल्या तोंडाने ठेवू?”

“बाई चुकीचं काय बोलल्या?” मेहुणी माझ्याकडे वळून म्हणाली. “भाऊजी, तुम्हीच सांगा यांना. कुणाला कळलंय? नाही. कुणी तक्रार केलीय? नाही. हे आता नीट करणार आहेत ना? मग गावभर दवंडी कशाला?”

“तक्रार नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे,” साडू म्हणाले. “ज्यांची फाइल गेली त्यांना ती आहे असंच वाटतंय. अजून कुणाकडे मूळ प्रत असेल, तर ती आज ना उद्या टाकून देतील. आम्हीच सांगितलंय ना, चालेल म्हणून.”

मी घसा साफ केला. खरे बोलावे, हे इतरांना सांगण्याचा मला भरपूर सराव आहे. पण खरे बोलण्याची किंमत घरातल्या माणसाने मोजायची म्हटल्यावर मला एकाएकी चहाची आठवण झाली. आतून चहा घेऊन येईतो काही सुचेल असे वाटले होते. सुचले नाही. तेवढ्यात मेहुणीनेच विचारले, “मला एक सांगा. तुम्हाला ते पद नकोय का?”

“हवंय,” साडू म्हणाले. “खूप हवंय.”

मेहुणीने कप खाली ठेवला. तिने खिडकीबाहेर पाहिले, समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे मोजल्यासारखे केले, आणि मग म्हणाली, “मग पत्र तरी नीट लिहा. तुमच्या ऑफिसच्या भाषेत लिहाल तर कुणाला काही कळायचं नाही. भाऊजींना दाखवा आधी.”

ते पत्र आम्ही दोघांनी मिळून तीनदा लिहिले. कोणती फाइल तपासायची, कशी तपासायची आणि मूळ प्रत असल्यास ती का टाकू नये, हे आठवीच्या मुलाला समजेल असे त्यात क्रमवार आले. पहिल्या खर्ड्यात मॅडमचा ‘किरकोळ’ हा शब्द होता. तो मी खोडण्यापूर्वीच साडूंनी खोडला होता. मंगळवारी ते पत्र घेऊन ते मॅडमच्याही वरच्या साहेबांकडे गेले. दोन आठवडे बैठका झाल्या. अखेरीस पत्र गेले, पद दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाले, आणि गिऱ्हाइकांकडे जाऊन एकेक फाइल तपासून देण्याचे काम साडूंना मिळाले. हे काम शिक्षा म्हणून दिले गेले असावे, असा माझा कयास आहे. शिक्षा म्हणून ते साफ फसले. सकाळी डबा घेऊन निघायचे, परक्या ऑफिसात जाऊन बसायचे आणि ‘पोचलं’ म्हणून नोंदलेली प्रत्येक गोष्ट खरोखर पोचली आहे का, हे पगार घेऊन पाहायचे, याहून मोठे सुख साडूंच्या कल्पनेत नव्हते. दिघ्यातल्या एका कारखान्यात त्यांना आठ दिवस लागले आणि निघताना तिथल्या लोकांनी त्यांना जेवण दिले. बेलापूरच्या एका वकिलांकडे काही पाने कोरी निघाली, पण त्यांच्या कारकुनांनी मूळ कागद कपाटात ठेवले होते. “साहेब सांगत होते टाका म्हणून,” कारकून म्हणाले, “मी हो म्हटलं आणि ठेवले.” साडू त्या कारकुनांना भेटायला पुढेही दोनदा गेले. इतक्या समविचारी माणसाची गाठ त्यांना उभ्या आयुष्यात पडली नव्हती.

बहुतेक ठिकाणी असेच निभावले. एका ठिकाणी निभावले नाही.

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आगरी लग्नातल्या धवल्यांचा संग्रह आहे. हळदीपासून लग्न लागेपर्यंतचा प्रत्येक विधी त्या समाजात धवलारणीच्या गाण्याने चालतो. धवलारीण म्हणजे हे धवले म्हणणारी बाई. तिच्याजवळ पुस्तक नसते, सगळे पाठ असते. तिथल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी गावोगाव फिरून ही गाणी रेकॉर्ड केली होती. फाइल पोचली असे उत्तर आले की ते रेकॉर्डरमधले जुने पुसत आणि पुढच्या लग्नाला जात. त्यातल्या एका धवल्याचा शेवटचा भाग गेला होता. फाइलची लांबी पुरेपूर भरत होती, घड्याळाचा काटाही पुढे सरकत होता. फक्त गाणे एका जागी थांबत होते आणि मग काही नाही. ग्रंथपालबाई साडूंना म्हणाल्या, “आम्ही हे कितीदा ऐकलंय. आम्हाला वाटायचं, बाई दमल्या असतील.” गाणारी धवलारीण मागच्याच वर्षी वारली होती.

साडूंनी त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन हे सांगितले. शनिवारी मी त्यांच्याबरोबर त्या धवलारणीच्या, बेलापूरजवळच्या गावी गेलो. धवले जोडीने म्हणतात. पुढची बाई ओळ म्हणते, मागची ती उचलून धरते. ही मागची बाई हयात होती. ओटीवर सुकत घातलेल्या बोंबलांवर नजर ठेवून ती बसली होती. साडूंनी तिच्यापुढे खाली बसून, काही आडपडदा न ठेवता सांगितले की, तुमच्या मैत्रिणीचे गाणे आमच्याकडे ठेवायला दिले होते आणि ते माझ्या चुकीने गेले.

“गेला म्हंजे?” तिने विचारले.

“पुसलं गेलं आजी. शेवटचं.”

“तू पुसलास?”

“मी नीट ठेवलं नाही.”

तिने पदर सावरला आणि ती म्हणाली, “लाव तुजा मशीन.”

ती गायली. आवाज चिरका झाला होता, पण सूर हलत नव्हता. माझ्यासारख्या अडाण्यालाही ते गाणे पुढे पुढे जात आहे असे स्पष्ट कळत होते. नवरीची आई अंगणात येते, मांडवाखाली उभी राहते, लेकीकडे पाहते, आणि त्या जागी म्हातारी थांबली. रेकॉर्डिंग थांबत होते त्याच्यापुढे जेमतेम दोन ओळी.

“हितनं पुढं मना नाय येत बाला,” ती म्हणाली. “पुढची ओल तिची. मी मागून म्हनायची. ती म्हनली का माज्या तोंडी आपोआप यायची. आता ती नाय, तं येत नाय.”

साडूंनी मशीन बंद केले नाही. म्हातारीने बोंबलांवरचा एक कावळा हाकलला, पुन्हा बसली आणि ओठांतल्या ओठांत काही न उच्चारता बोटांची पेरे मोजू लागली. मोजून झाल्यावर तिने हात वर केला.

“चार,” ती म्हणाली. “अजून चार ओली हायेत. मी चार येला मागून म्हनायची. बोल गेले, पन चार हायेत ते मना ठावं हाय.”

साडूंनी खिशातली वही काढून ते लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात त्या धवल्याला म्हातारीने म्हटलेल्या दोन ओळी जोडल्या गेल्या आणि त्याच्या नोंदीखाली एक मजकूर चढला. तो बिनचूक आहे ना, एवढे पाहण्यासाठी त्यांनी मला तिथे नेले होते. मी दोनदा वाचला. लिहिले होते: ‘येथे गाणे संपत नाही. यापुढे चार ओळी होत्या. त्या आमच्या चुकीने गेल्या.’